दुधाचा गुण

त्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एरवी इंदूरच्या मराठी माणसाला वसंत व्याख्यानमालेला आणायचं तर पत्रिकेवर वक्त्याच्या नावाखाली 'नंतर साबुदाण्याची खिचडी' असं छापावं लागतं. लक्ष्मीकांत मुळ्ये बोलणार असले की खिचडी लागत नसे. विषय दरवर्षी तोच, 'गोळ्यांविना मनःशांती', आणि लोक दरवर्षी तितक्याच भक्तिभावाने ऐकायचे. घरोघरी कुणीतरी रात्र रात्र जागणारं, कुणीतरी भिंतीशी बोलणारं असतंच. फक्त त्याला व्याख्यानाला आणत नाहीत.

"मला वेड लागलं होतं," लक्ष्मीकांत सांगत होते. "साफ सांगतो, लाज कसली? ऑफिसात वाटायचं, चहात कुणीतरी काहीतरी घालतंय. घरी वाटायचं, बायको आमटीत घालतेय. ही काय, समोर बसलीये. हिच्या हातची पोळी मी आधी कुत्र्याला घालून बघायचो, तो मरतो का ते."

हॉल हसला. पहिल्या रांगेत बसलेली कस्तुरीही हसली. दरवर्षी या वाक्याला हसायचं असतं, हे तिला पाठ होतं.

"कुत्रा काही मेला नाही, चांगला मोटा झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी थुंकून टाकल्या. मग एक दिवस आतूनच आवाज आला, चहा सोड. सोडला. रोज सकाळी उपाशीपोटी कपभर गरम दूध, खडीसाखर घालून, आणि नाम. बस. तीन महिन्यांत डोकं थंड. चौदा वर्षं झाली, एक गोळी पोटात गेलेली नाही."

टाळ्या झाल्या. लक्ष्मीकांत खुर्चीत बसले तरी त्यांचे ओठ हलतच राहिले. बोलणं नाही, चघळणं नाही, नुसते हलत राहायचे. मंडळात याला अजपाजप म्हणत. नाम इतकं मुरलंय की जिभेला सांगावं लागत नाही. सचिव मालोजीरावांनी माईकवर तसं सांगितलं आणि दोन म्हाताऱ्या उठून त्यांच्या पाया पडल्या.

कस्तुरीने मान खाली घातली. ते ओठ कशाने हलतात, हे डॉक्टरांनी तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. इतकी वर्षं औषध चाललं की काहीजणांचे हलतात.

कारण औषध चालू होतं. गोळी पोटात गेली नाही, हे लक्ष्मीकांत अगदी खरं सांगत होते. गोळी नव्हती, थेंब होते. ना रंग, ना वास, ना चव. "वहिनी, चहात टाकू नका, चहात हे औषध बिघडतं. दुधात टाका," डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिने नवऱ्याला चहा सोडायला लावला. चहा सोडायचा तो आतला आवाज म्हणतात, तो तिचाच होता. पंधरा दिवस कानीकपाळी ओरडत होती. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

कपाच्या तळाशी ती थेंब आधीच टाकून ठेवायची. मग नवऱ्यासमोर पातेल्यातलं दूध त्यात ओतायची आणि पातेल्यात उरलेलं स्वतः पिऊन दाखवायची. तेव्हा कुठे तो तोंड लावायचा. त्याआधीचे महिने तिला अजून आठवत. दाराला आतून दोन कुलपं, चाकू-विळी शेजारी नेऊन ठेवलेली, आणि अनवाणी देवासच्या रस्त्याला लागलेला, दाढी वाढलेला माणूस, ज्याला ट्रकवाल्यांनी ओढून आणलं. थेंबांनी तो माणूस परत आला. ऑफिसात गेला, प्रमोशन घेतलं, पेन्शन घेतली, रविवारी रात्री तिला सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेऊन गरम जिलबी खाऊ घालू लागला. मूलबाळ नव्हतं, तो माणूस हाच तिचा संसार. त्याच्यापायी चौदा वर्षांत ती एक रात्र माहेरी राहिली नव्हती. सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पहाटे गेली नि जेवण उरकून परतली.

डॉक्टर दरवेळी म्हणायचे, "वहिनी, बरे आहेत तेव्हाच सांगून टाका त्यांना." ती म्हणायची, पुढच्या वर्षी. सांगितलं की तो पुन्हा तिच्या हातचं पाणी पिणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याचा नावलौकिक वाढत होता, आणि खोटं सांगायचं नाही, तिलाही ते आवडत होतं. पागलची बायको म्हणून गल्लीने एकेकाळी वाळीत टाकलेल्या बाईला आता पहिल्या रांगेत खुर्ची होती.

ती मूठ कुणाच्या तरी डोक्यात बसेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं. एके दिवशी जुन्या इंदूरच्या त्याच गल्लीत राहणारी सुमन लेकीला बरोबर घेऊन पेढे द्यायला आली.

"वहिनी, तोंड गोड करा. संहिताच्या गोळ्या बंद केल्या आम्ही," सुमन म्हणाली. "भाऊंचं भाषण ऐकलं ना पोरीने, त्याच दिवशी ठरवलं. महिना होत आला. रोज सकाळी दूध, बिलकुल भाऊ सांगतात तसं."

संहिता सुमनची एकुलती मुलगी, सत्तावीस वर्षांची. कॉलेजात असताना तिला आवाज ऐकू येऊ लागले होते. मग औषध लागू पडलं आणि ती एका कंपनीत अकाउंट्स बघायला लागली, स्कूटीने जायची, स्कूटीने यायची. तेव्हा सुमनने कुणाला पेढे दिले नव्हते. पोरगी चार वर्षं नीट नोकरी करत होती, तिचं काही नाही. गोळी सुटली, त्याचे पेढे.

"डॉक्टरांना विचारलंत?" कस्तुरीने विचारलं.

"भाऊंनी कुठे विचारलं होतं?"

"तरी पण, सुमनताई, एकदम..."

"काकू, तुम्ही तर असं म्हणू नका," संहिता म्हणाली. रागाने नाही, हसून. "तुम्हाला माहितीये, त्या गोळीने सकाळी कसं वाटतं? मतलब, उठलेली असते पण आलेली नसते. ऑफिसात लोक जोक मारतात, सगळे हसतात, मला दोन मिनिटांनी हसायला येतं. पंधरा किलो वाढले. आई म्हणते स्थळ येत नाहीत. आता पहिल्यांदा पहाटे डोळे उघडले नि चिमण्या ऐकू आल्या, खरोखरच्या. काकांना पाहून धीर आला. त्यांना जमलं, मग मला का नाही?"

कस्तुरीने पेढा तोंडात घातला. तिच्याकडे उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. पोरीचा चेहरा खरंच उजळला होता, हे सगळ्यात वाईट. उजळतोच तो, थोडे दिवस.

ती डॉक्टरांकडे धावली. डॉक्टर म्हणाले, त्या मुलीच्या आईला खरं काय ते सांगा. सुमनला सांगणं म्हणजे राजवाड्यावर भोंगा लावणं. संध्याकाळपर्यंत लक्ष्मीकांतांच्या कानावर गेलं असतं. कस्तुरीने स्वतःची समजूत घातली, की संहिताचं कदाचित निभेल. काहींचं निभतंही. त्या 'कदाचित'वर तिने आणखी बरेच दिवस काढले, आणि त्याबद्दल तिला माफी नाही.

मग एका दुपारी संहिता एकटीच आली. केस विंचरलेले नव्हते. लक्ष्मीकांत झोपाळ्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. कस्तुरी ओट्याशी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"काका, ऑफिसमध्ये माझ्या बॉटलमध्ये कुणीतरी काहीतरी टाकतं. पाण्याला वास येतो. लिफ्टमध्ये माझं नाव घेतात. तुम्हाला पण असं झालं होतं ना?"

"झालं होतं तर. अगदी हेच." लक्ष्मीकांतांचा आवाज मायाळू होता. त्यांना खरंच कळवळा होता, यात शंका नाही. "घाबरू नको, बेटा. चार वर्षांचं विष अंगात साठलंय, ते बाहेर पडतंय. मळ निघताना पाणी गढूळ होतंच. दूध दोन वेळा कर. नाम सोडू नको."

"गोळी परत सुरू करू का? आई म्हणते, थांब."

"आई बरोबर म्हणते. आता हरलीस तर जन्मभर गुलामी."

कस्तुरीच्या हातातलं उलथनं खाली पडलं. पोरगी गेल्यावर तिने तांदळाच्या डब्यामागून बाटली काढली आणि बाहेर येऊन नवऱ्यासमोर ठेवली.

"अहो, हे बघा. हे मी तुमच्या दुधात घालते. रोज. चौदा वर्षं. तुम्ही दुधाने बरे झाला नाहीत, याने झालात. त्या पोरीला आत्ताच्या आत्ता सांगा, गोळी सुरू कर म्हणावं. मला हवी ती शिक्षा करा, पण तिला सांगा."

तिला वाटलं होतं, ते ओरडतील. बाटली फेकतील. घर सोडून जातील. या सगळ्याची तिने चौदा वर्षं तयारी केली होती. लक्ष्मीकांतांनी चष्मा लावला, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"केव्हापासून घेतेयस हे?"

"मी नाही हो. तुम्ही."

"कस्तुरी, बस इथे." त्यांनी तिचा हात धरून तिला झोपाळ्यावर बसवलं. "खाण्यात काहीतरी घातलं जातंय, हे मी पण म्हणायचो. फर्क एवढाच, मला वाटायचं दुसरे घालतायत, तुला वाटतं तू घालतेस. बीमारी एकच. माझंच चुकलं. मी गावाला शहाणपण शिकवत फिरलो आणि घरात तू चोरून औषध घेत राहिलीस."

"डॉक्टरांना फोन लावा. त्यांना विचारा."

"ते काय सांगणार? धंदाच आहे त्यांचा."

"थेंब थांबले तर तुम्ही पुन्हा आजारी पडाल."

"मग थांबवूया ना," ते हसून म्हणाले. "मला काही होत नाही हे बघितलंस की तुझी खात्री पटेल. तुझ्यासाठीच."

त्यांनी बाटली मोरीत उलटी केली, वर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवसापासून दूध ते स्वतः तापवू लागले. तिला आराम हवा म्हणून स्वयंपाकही हाती घेतला. खिचडी करायचे, बरी करायचे. तिने नवी बाटली आणली, पण कपाजवळ जायची संधी मिळेना, आणि चौथ्या दिवशी ती बाटली त्यांना तिच्या पर्समध्ये सापडली. ते अक्षरशः रडले. माणूस इतक्या प्रेमाने आपलं घर बुडवू शकतो, हे कुणी सांगितलं असतं तर तिने मानलं नसतं.

ती सुमनकडे गेली. आता भोंगा लागला तरी चालणार होता. पण भोंगा आधीच लागला होता.

"भाऊ बोलले मला," सुमनने दारातच तिचा हात हातात घेतला. "आमच्यापासून काय लपवायचं, वहिनी? आमच्या घरात पण आहेच ना."

"सुमनताई, ते चुकतायत. औषध ते घेत होते, मी घालत होते. संहिताला गोळी द्या. हवं तर डॉक्टरांना विचारा."

"हो वहिनी. हो. टेन्शन नका घेऊ," सुमन म्हणाली आणि तिच्या हातावरून हात फिरवत राहिली. वेड्या माणसाच्या हातावरून असा हात कस्तुरीनेही फिरवला होता. त्यात ऐकून घेणं किती असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या पंधरवड्यात संहिताची नोकरी गेली. तिने मोबाइल पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, जेवण सोडलं, दूधही सोडलं. हॉस्पिटलचं नाव काढलं की गच्चीकडे धावायची. शेवटी सुमनच बदलली. दूध नि नाम बाजूला ठेवून जुन्या गोळ्यांचं पाकीट घेऊन लेकीच्या विनवण्या करू लागली. पण आता लेक तोंड उघडेना. एका सकाळी सुमन कस्तुरीकडे आली. तिचा पदर एका खांद्यावरून लोंबत होता, त्याचं तिला भान नव्हतं.

"वहिनी, चला. ती म्हणते, कस्तुरीकाकूंशीच बोलेन. बाकी कुणाशी नाही."

संहिता कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अंग चोरून बसली होती. कस्तुरी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"काकू, तुम्हाला पण आहे ना? काका सांगत होते."

कस्तुरीने दाराकडे बघितलं. दारात सुमन पाकीट घेऊन उभी होती. खरं सांगून झालं होतं, नवऱ्याला, सुमनला. खऱ्याला कुणी दारात उभं केलं नव्हतं. आणि आता ही पोर विचारत होती. नाही म्हटलं असतं, तर ते खरं असतं आणि पोर त्याच फटीत राहिली असती.

"हो," कस्तुरी म्हणाली. "आहे."

"गोळी घेता?"

"घेते. चौदा वर्षं."

"लपवून?"

"लपवून."

संहिता किंचित पुढे झुकली. "कसं वाटतं?"

"जड वाटतं. तू म्हणाली होतीस ना, उठलेली असते पण आलेली नसते, तसंच. राग येतो. कधी वाटतं, हे काय जगणं. पण रात्री दार लावलं की दाराबाहेर कुणी नसतं. पोळी ही पोळीच असते, पाणी हे पाणी. मी बाजारात जाते, माणसांशी बोलते. तुला मी कधी वेडी वाटले होते?"

"नाही."

"मग."

हे सगळं तिने नवऱ्याकडे बघून बघून शिकलं होतं. तिला वाटलं, आपण पुष्कळ बोललो. पण संहिता हुशार मुलगी होती, आजारातही हुशार होती.

"मग आत्ता घ्या. माझ्यासमोर. याच पाकिटातली."

सुमन पुढे झाली. कस्तुरीने पाकीट घेतलं, दोन गोळ्या काढल्या, तळहातावर ठेवून हात पुढे केला. "तू निवड, मला कुठली द्यायची." संहिताने बराच वेळ बघून एक बोटाने सरकवली. कस्तुरीने ती जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, तोंड उघडून दाखवलं. संहिताने दुसरी घेतली. मग ती फटीतून बाहेर आली आणि कस्तुरीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. सुमन भिंतीला टेकून आवाज न करता रडत होती. आता गाडी बोलावते, डॉक्टरांना सांगते, पोरगी दवाखान्यात येईल आता, असं काहीबाही पुटपुटत होती.

पोरीला झोप लागल्यावरही कस्तुरी तास-दोन तास बसून राहिली. उठताना तोल गेला. भर दुपारी गल्लीतून घरी येताना तिने दोनदा भिंत धरली. जीभ टाळूला चिकटली होती, पाय दुसऱ्याच कुणाचे तरी होते. पानवाल्याने नमस्कार केला. तो नमस्कार आहे हे कळून हात उचलेपर्यंत ती दोन दुकानं पुढे आली होती. हे तिने एका माणसाच्या अंगात रोज सकाळी ओतलं होतं, त्याला न विचारता. आणि तो त्याला शांती म्हणायचा. तिला रडू यायला हवं होतं, पण तेही वेळेवर आलं नाही.

लक्ष्मीकांतांनी दार उघडलं. चार दिवस ते नीट झोपले नव्हते; किती हलकं वाटतंय म्हणून सांगत होते. डोळे चमकत होते. तिला झोकांड्या खाताना पाहून त्यांनी तिला धरलं.

"पुन्हा घेतलंस ना ते? काय हाल करून घेतलेस बघ."

त्यांनी तिला पलंगावर झोपवलं, अंगावर चादर ओढली, कपाळावर हात ठेवला. हात गरम होता. मग ते वाकले आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "तू झोप. बाहेर उगाच जात जाऊ नको. खाली तो पांढऱ्या गाडीवाला आहे ना, तीन दिवस आपल्याच दारावर नजर ठेवून आहे. मी बघतो त्याच्याकडे."

कस्तुरीने उठायचं ठरवलं. डॉक्टरांना फोन करायचा, कुणाला तरी बोलवायचं. पण कुणाला, आणि तिचं ऐकणार कोण? आजच तर तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, की चौदा वर्षं आजारी आहे ती. अंग हलेना. पापण्या मिटत होत्या. लक्ष्मीकांत एकेक खिडकी लावत खोलीभर फिरत होते, आणि खोलीतलं ऊन कमी कमी होत होतं.

खालून सुमनची हाक आली. "भाऊ, वहिनी आहेत का? पोरगी उठली, दोन घास खाल्ले तिने. वहिनींचे पाय धरायचेत मला."

"झोपलीये ती," लक्ष्मीकांत खिडकीतून खाली वाकून म्हणाले. आवाज नेहमीसारखा, समजूतदार. "तिची तबियत बरी नाही. काही बोलली तर मनावर घेऊ नका."

"नाही हो भाऊ, माहितीये आम्हाला. तुम्ही काळजी घ्या त्यांची."

"घेतो," ते म्हणाले, आणि ती शेवटची खिडकीही त्यांनी लावून घेतली.